यंत्राची उलटतपासणी

महाराष्ट्र विधानसभेच्या २०१४ सालच्या निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन पंडितराव खोतकर यांना ४५,०७८ आणि त्यांचे निकटचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२ मते पडली. या २९६ मतांच्या अंतरातून जी निवडणूक याचिका उद्भवली, तिने डिजिटल पुराव्याच्या भारतीय कायद्याला जेवढे वळण लावले तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या खटल्याने लावले असेल. आणि तरीही वकीलवर्गापलीकडे तिची वार्ता फारशी पोचलेली नाही. तक्रार साधी होती. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन वाजता संपत होती, आणि विजयी उमेदवाराचे अर्ज ती घटका टळून गेल्यावर स्वीकारले गेले, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात आणि दालनाबाहेर आयोगाच्याच आदेशान्वये कॅमेरे चालू होते. कोण किती वाजता कोणते कागद घेऊन आत आला हे त्यांनी टिपले होते. वादाचा जो कळीचा प्रश्न, त्याचे उत्तर सरकारी दप्तरातच चित्ररूपाने पडून होते.

ते उत्तर न्यायासनापुढे आणणे मात्र सोपे नव्हते. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब अन्वये संगणकीय अभिलेखाची प्रत पुराव्यात दाखल करावयाची तर तिच्यासोबत, ते यंत्र ज्याच्या ताब्यात आणि देखरेखीखाली होते अशा जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र जोडावे लागे: अभिलेख कोणता, तो कोणत्या यंत्राने निर्माण केला, ते यंत्र त्या काळात नीट चालत होते की नाही. याचिकाकर्त्यांना चित्रीकरणाच्या तबकड्या मिळाल्या. प्रमाणपत्रासाठी त्यांनी पुनःपुन्हा अर्ज केले, परंतु ते त्यांच्या हाती पडले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतून निघालेल्या कबुल्यांच्या आधारे कायद्याची पुरेशी पूर्तता झाली असे मानले आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी ती निवडणूक रद्दबातल ठरवली.

सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, एस. रवींद्र भट आणि व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठापुढे गेले. तोवर या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचेच निर्णय परस्परांशी विसंगत होऊन बसले होते. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात, २००५ साली, दूरध्वनीच्या नोंदी प्रमाणपत्रावाचूनही ग्राह्य धरल्या गेल्या होत्या. २०१४ साली केरळातील एका निवडणूक खटल्यात तीन न्यायमूर्तींनी प्रमाणपत्र अपरिहार्य ठरविले. २०१८ साली दोन न्यायमूर्तींनी ते पुन्हा सैल केले. १४ जुलै २०२० रोजी जालन्याच्या प्रकरणात निर्वाळा मिळाला. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून ते शाबीत केले तर प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. परंतु यंत्र जेथे एखाद्या विस्तृत जाळ्याचा भाग आहे आणि ते उचलून न्यायालयात आणणे अशक्य आहे, तेथे प्रमाणपत्र हाच एकमेव मार्ग. आणि ज्याने ते मिळविण्यासाठी कायद्याने शक्य ते सर्व केले, तरीही ज्याच्या हाती ते आहे त्याने ते दिले नाही, त्या पक्षकारावर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाही. उच्च न्यायालयाचा निकाल कायम झाला.

यातील मधले वाक्य मला सर्वांत दूरगामी वाटते. क्लाउड म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो ते उचलून न्यायालयात आणता न येणारेच यंत्र आहे. त्याचे तुकडे कोणत्या शहरातील कोणत्या गोदामात, कोणत्या तबकडीवर विखुरले आहेत हे साठवणाऱ्या कंपनीच्या चाकरमान्यांसही पुष्कळदा एका दृष्टिक्षेपात सांगता येत नाही. तेव्हा अशा पुराव्याचा सारा भार त्याच्याविषयी कोणी जबाबदार माणूस शपथपूर्वक काय सांगतो, आणि प्रतिपक्षाला त्या सांगण्याची परीक्षा कितपत घेता येते, यावर येऊन पडतो. या लेखात मला जे प्रतिपादन करावयाचे आहे ते इतकेच की, पुरावा साठविण्याची साधने आपण झपाट्याने उभी केली आहेत, पण त्या साठवणीची उलटतपासणी करण्याचा जो आरोपीचा हक्क, त्याची साधने उभी करण्यात आपण फार मागे आहोत.

जुन्या पद्धतीकडे आज तुच्छतेने पाहण्याचा प्रघात पडला आहे, म्हणून तिच्यात काय होते ते प्रथम सांगितले पाहिजे. तपासी अंमलदार घटनास्थळी गेला की दोन पंच बोलावीत असे, वस्तू त्यांच्या समक्ष जप्त होई, पाकिटावर पंचांच्या सह्यांची कागदी पट्टी लावून ते लाखेने मोहोरबंद केले जाई, ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत त्याचा क्रमांक पडे, हवालदार ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नेऊन पोच घेई, आणि अखेर न्यायालयात त्यावर निशाणी पडे. या साखळीतील प्रत्येक कडी म्हणजे नाव-गाव असलेला एक माणूस होता. तो खोटे बोलू शकत असे, पंच फितूर होत असत, पोलिसांचे ठरीव पंच ही तर न्यायालयांची नित्याची तक्रार होती. परंतु त्या प्रत्येकाला समन्स काढून बोलावता येई आणि लाख फुटलेली होती की शाबूत होती हे विचारता येई. पद्धत सदोष होती, आणि तिचे दोष उघडे पाडण्याची सोय तिच्यातच होती.

यंत्राच्या साक्षीला आपली न्यायालये सुरुवातीपासून अनुकूल राहिली आहेत, आणि त्या इतिहासात मुंबईचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरवरील लाचेच्या आरोपात दूरध्वनीवरील संभाषण पोलिसांनी ध्वनिफितीवर घेतले होते. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ती फीत ग्राह्य मानली, पण आवाज ओळखला गेला पाहिजे, ध्वनिमुद्रण अचूक असल्याचे सिद्ध झाले पाहिजे आणि मजकूर पुसला वा बदलला गेल्याची शक्यता निरस्त झाली पाहिजे, या अटींचा आग्रह धरूनच. पुढे मुंबईतील एका वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष दूरचित्रसंवादाने घ्यावी की नाही असा प्रश्न पडला; आरोपीच्या समक्ष पुरावा नोंदवावा असे कायदा म्हणत असता समुद्रापलीकडचा साक्षीदार समक्ष कसा, ही हरकत उच्च न्यायालयाने मानली होती. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी ती फेटाळली. समक्षता म्हणजे देहाने एकाच खोलीत असणे नव्हे, असा त्याचा आशय. त्या निर्णयाच्या पायावर आजची दूरस्थ सुनावणी उभी आहे. दोन्ही प्रसंगी दार उघडताना न्यायालयाने उलटतपासणीची वाट मोकळी राहील याची दक्षता घेतली, ही गोष्ट नजरेआड होता कामा नये.

कलम ६५-ब माहिती तंत्रज्ञान अधिनियमाबरोबर २००० साली आपल्याकडे आले, पण त्याचा मसुदा इंग्लंडच्या १९६८ सालच्या दिवाणी पुरावा कायद्यातील पाचव्या कलमावरून बेतलेला होता, आणि आपण तो स्वीकारला तेव्हा इंग्लंडने ते कलम १९९५ च्या कायद्याने केव्हाच निकालात काढले होते. जालन्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती रामसुब्रमणियन यांनी आपल्या सहमतीच्या निकालपत्रात या कालविपर्यासाची नोंद केली आहे. परंतु प्रमाणपत्राची अट टाकून दिल्याने इंग्लंडचे कल्याण झाले असे समजणे धाडसाचे ठरेल. तेथील फौजदारी कायद्यात संगणक नीट चालत होता हे पुराव्यानिशी दाखविण्याची जी अट होती तीही १९९९ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली, आणि उलट काही दाखविले जात नाही तोवर संगणक बिनचूक चालत होता असे गृहीत धरण्याची रीत पडली.

त्याच सुमारास ब्रिटनच्या टपाल खात्याने आपल्या शाखांतून होरायझन नावाची हिशेबप्रणाली बसविण्यास प्रारंभ केला. खेड्यापाड्यांतील उपडाकपालांच्या हिशेबात अकस्मात तूट दिसू लागली. ज्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या पैशाला हात लावला नव्हता त्यांनी ती घरदार विकून भरली, कित्येकांना कैद झाली, काहींनी जीव दिला. नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले, आणि त्यांच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार होता संगणक. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की त्या प्रणालीत दोष होते, आणि ती चालविणाऱ्या फुजित्सू कंपनीच्या कर्मचाऱ्यांना शाखेच्या हिशेबात दुरून फेरफार करता येत होता. अपील न्यायालयाने २३ एप्रिल २०२१ रोजी ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि २०२४ साली संसदेला उरलेल्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. वीस वर्षे हे चालले, कारण दुरून फेरफार शक्य आहे हे सांगणारी कागदपत्रे ज्यांच्यापाशी होती तेच फिर्यादी होते, आणि आरोपीला ती मागावीत कशी याचेही ज्ञान नव्हते. क्लाउडवरील पुराव्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक विधिज्ञाने हे प्रकरण मुळातून वाचावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

आता आपल्याकडे पाहू. १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे अमलात आले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे प्रत्येक झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण, शक्यतो मोबाइल फोनवर, करणे पोलिसांवर बंधनकारक झाले, आणि ते मुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे धाडावयाचे आहे. कलम १७६ म्हणते की सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे. या कामासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-साक्ष्य’ नावाचे ॲप सिद्ध केले असून ४ ऑगस्ट २०२४ रोजी चंडीगडला त्याचा प्रारंभ झाला. अंमलदाराने फोनवर घटनास्थळाचे आणि जप्तीचे चित्रण करावयाचे, स्वतःची छबी घेऊन आपली उपस्थिती नोंदवावयाची, आणि सारा ऐवज क्लाउडवरील सुरक्षित भांडारात चढवावयाचा. तेथून तो न्यायालयाला उपलब्ध व्हावयाचा. संकल्पना स्वागतार्ह आहे, हे मी नि:शंकपणे म्हणतो. ठाण्यात बसून लिहिलेल्या पंचनाम्यापेक्षा स्थळ, काळ आणि चेहरा यांसह टिपलेले चित्रण निर्दोष माणसाचे अधिक चांगले रक्षण करू शकते.

पुरावा अधिनियमाच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने व्याख्याही रुंद केल्या. ई-मेल, सर्व्हरवरील नोंदी, फोनमधील संदेश, स्थाननिश्चितीचा तपशील हे सारे दस्तऐवज ठरले. कलम ५७ च्या स्पष्टीकरणात असेही आले की एकच चित्रण एकाच वेळी अनेक ठिकाणी साठविले जात असेल तर ती प्रत्येक साठवण मूळ पुरावा मानावी. क्लाउडचे काम याच रीतीने चालते, म्हणून ही तरतूद वास्तवाला धरून आहे. परंतु कलम ६३ ने प्रमाणपत्राची अटही ठेवली आणि ती कडक केली: प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, पहिल्यावर यंत्राच्या ताबेदाराची आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही. तज्ज्ञ कोणाला म्हणावे याची व्याख्या त्या कलमात नाही. प्रत्येक लहानमोठ्या खटल्यातील प्रत्येक चित्रणासाठी तज्ज्ञाची सही आणावयाची तर तालुक्याच्या गावच्या वकिलाने कोणाच्या दारी जावे? सधन पक्षकार खासगी प्रयोगशाळेत जाईल, सरकार आपल्या प्रयोगशाळेत जाईल. घरमालकाच्या धमकीचे संदेश फोनमध्ये जपून ठेवणारी भाडेकरू विधवा कोठे जाणार?

या प्रमाणपत्राच्या नमुन्यात अभिलेखाचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधील यच्चयावत अंकांवर ठरावीक गणित करून काढलेली अक्षरांकांची एक मालिका. एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर ती ६४ चिन्हांची भरते. चित्रणातील एक ठिपका बदलला तरी सारी मालिका बदलते, म्हणून तिला या युगाची लाखेची मोहोर म्हणता येईल. परंतु मोहोरेचीही पारख असावी लागते. नमुन्यात एसएचए-२५६ सोबत एमडी-५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतींनाही रकाने आहेत. एमडी-५ मध्ये भिन्न मजकुरांची एकच मालिका निघू शकते हे २००४ साली चिनी गणितज्ञांनी दाखविले, आणि एसएचए-१ बाबत तेच २०१७ साली गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या संशोधन संस्थेने करून दाखविले. अगोदरच मोहोरबंद झालेल्या फाइलची जुळी फाइल घडविणे अद्यापही दुष्कर आहे हे खरे. तथापि माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असता दुबळ्या ठरलेल्या पद्धतीवर विसंबण्याचे कारण काय?

याहून महत्त्वाची गोष्ट ही की हॅश तो काढल्याच्या क्षणापासून पुढची ग्वाही देतो, मागची देत नाही. तो काढण्यापूर्वी फाइलमध्ये काय झाले, ती तेथे आणली कोणी, याविषयी तो मौन असतो. पुण्याच्या एल्गार परिषद प्रकरणात आरोपींच्या संगणकातील पत्रे दुरून, घातकी प्रणालीच्या द्वारे, पेरली गेली असा निष्कर्ष अमेरिकेतील एका न्यायवैद्यक संस्थेने २०२१ साली बचावपक्षाच्या वतीने मांडला; तपासयंत्रणेला तो मान्य नाही, आणि त्याचा निवाडा न्यायालयानेच करावयाचा आहे. पण तो प्रश्न विचारता आला, कारण बचावपक्षाला तबकडीची संपूर्ण प्रतिकृती मिळाली होती. क्लाउडवरच्या खात्यातील मजकुराबाबत अशी प्रतिकृती म्हणजे काय? कोणी कोठून प्रवेश केला, फाइल केव्हा निर्माण झाली आणि केव्हा चढविली गेली, या नोंदी साठवणाऱ्या संस्थेच्या दप्तरी असतात, आणि पुष्कळ सेवांत त्या ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. परवलीचा शब्द वापरला गेला एवढ्याने तो वापरणारा माणूस सिद्ध होत नाही.

नित्याच्या खटल्यांत तर याहून साध्या कारणांनी घोटाळे होतात. दुकानातील कॅमेऱ्याच्या पेटीचे घड्याळ मागे-पुढे असते आणि जप्तीच्या वेळी ते खऱ्या वेळेशी ताडून पाहिल्याची नोंद पंचनाम्यात नसते. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ लिहितो, ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे, आणि मध्यरात्रीच्या अलीकडच्या-पलीकडच्या घटनेची तारीखच बदलते. कोणी चित्रण व्हॉट्सॲपवरून अंमलदाराकडे पाठविले की ते वाटेत संकुचित होते, हॅश बदलतो, आणि मूळ फोन मागावा हे सुचेपर्यंत तो विकला गेलेला असतो.

विदेशी कंपन्यांपाशी असलेला मजकूर हा स्वतंत्र विषय आहे. डब्लिनच्या सर्व्हरवरील ई-मेल अमेरिकी सरकारला देण्याचे मायक्रोसॉफ्टने नाकारले तो वाद २०१३ पासून चालला आणि २०१८ साली अमेरिकेने नवा कायदा करूनच मिटविला. आपल्या तपासी अंमलदाराला अशा मजकुरासाठी गृह मंत्रालयामार्फत परस्पर साहाय्याच्या करारांची लांबलचक वाट धरावी लागते. एवढे करून मजकूर आला तरी त्यावर कलम ६३ च्या नमुन्यात सही करावयास कंपनीचा माणूस जालन्याला किंवा सांगलीला येईल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

आरोपीच्या हक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने एक पाया घालून ठेवला आहे. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी केरळातील एका प्रकरणात न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या पीठाने ठरविले की स्मृतिपत्रिकेतील मजकूर हा दस्तऐवज आहे आणि सामान्यतः त्याची हुबेहूब प्रतिकृती आरोपीस मिळाली पाहिजे. पीडितेच्या खासगीपणाला धक्का पोचत असेल तेथे मात्र प्रत न देता, आरोपीला, त्याच्या वकिलाला आणि तज्ज्ञाला पाहणीची मुभा द्यावी. हा तोल मला योग्य वाटतो. त्याच न्यायाने क्लाउडवरील भांडाराच्या बाबतीत दोषारोपपत्रासोबत केवळ चित्रण देऊन भागणार नाही. ते भांडारात केव्हा चढले, चित्रण आणि चढविणे यांत किती अवधी गेला, त्यानंतर कोणी कोणी ते उघडले, या नोंदवहीची प्रत, कोणी मागण्याची वाट न पाहता, आरोपीच्या वकिलाला मिळावयास हवी. जुन्या मुद्देमाल नोंदवहीचा उतारा जसा मागता येत असे तसाच हा उतारा आहे. आणि भांडाराची किल्ली तपास करणाऱ्या खात्याच्या नव्हे, न्यायालयाच्या हुकमतीखाली असावी, कारण फिर्यादी हाच कोठीवाला असल्यावर काय होते ते ब्रिटनच्या उपडाकपालांनी भोगून दाखविले आहे.

ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यास केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि त्यात जुन्या दप्तरांच्या संगणकीकरणापासून क्लाउडपर्यंत सर्वांची तरतूद आहे. देशातील बंदिवानांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत, आणि संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपीला कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिली तरी ती रीतसर पोचली असे मानले जाते. ज्याच्या बराकीत संगणक नाही त्याच्या हाती पेनड्राइव्ह ठेवून ही पोच पुरी होते काय, हे त्या खर्चाचा आराखडा करणाऱ्यांनी स्वतःस विचारावे. प्रत्येक कारागृहात, वकिलाच्या भेटीच्या खोलीशेजारी, चित्रण पाहण्याचे एक यंत्र आणि ते चालविणारा एक कारकून. प्रत्येक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत, मोफत वकिलांच्या जोडीला, हॅश पडताळून पाहू शकणारा आणि नमुन्याच्या दुसऱ्या भागावर सही करू शकणारा एक तज्ज्ञ, ज्याचे मानधन सरकारी तिजोरीतून निघेल. आणि त्याचा अहवाल बचावाच्या वकिलाच्या हाती आरोप निश्चित होण्यापूर्वी, म्हणजे दोषमुक्तीच्या अर्जात त्याचा उपयोग करता येईल अशा वेळी. त्या ७,२१० कोटींच्या तुलनेत हा खर्च मोठा नाही.